विश्लेषण : चौथे वर्ष, दोन वर्षांचे एमए की थेट पीएचडी? एकाच विद्यापीठातील पदव्युत्तर वाटा कशा निवडायच्या?

बीए, बीकॉम किंवा बीएस्सीचे तिसरे वर्ष संपले की एमए, एमकॉम किंवा एमएस्सीचा अर्ज भरायचा, हा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे या सरळ रस्त्याला अनेक फाटे फुटले आहेत. आता तीन वर्षांनी बाहेर पडता येते, चौथे वर्ष करून ‘ऑनर्स’ पदवी घेता येते, त्यानंतर एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळवता येते आणि काही अटींवर पदवीनंतर थेट पीएचडीकडेही वळता येते. पर्याय वाढले, तसा गोंधळही वाढला. यापैकी कोणती वाट कुणासाठी आणि ती आपल्या महाविद्यालयात आहे का, हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या उदाहरणावरून समजून घेता येईल.

नेमके काय बदलले?

केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला २९ जुलै २०२० रोजी मंजुरी दिली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा आणि जून २०२४ मध्ये पदव्युत्तरचा आराखडा जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाचा आहे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हा तिसरा प्रकार.

महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांमध्ये २०२३-२४ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांमध्ये २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवी रचना लागू झाली. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीचे तिसरे वर्ष २०२५-२६ मध्ये आणि संलग्न महाविद्यालयांतील पहिल्या तुकडीचे २०२६-२७ मध्ये येते. ‘पुढे काय?’ हा प्रश्न नव्या चौकटीत सोडवण्याची वेळ याच तुकड्यांवर प्रथम आली आहे.

एक वर्षाच्या एमएमुळे वर्ष वाचते का?

सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे एमए, अशी पाच वर्षे होतात. चार वर्षांची ऑनर्स पदवी आणि एका वर्षाचे एमए, अशीही पाचच वर्षे होतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीचा स्तर ५.५, ऑनर्सचा ६ आणि दोन्ही प्रकारच्या पदव्युत्तर पदवीचा ६.५ आहे. थोडक्यात, दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात आणि वेळही तेवढाच लागतो.

फरक पडतो तो मध्येच थांबल्यास. चौथ्या वर्षानंतर थांबणाऱ्याकडे ऑनर्स पदवी असते. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांच्या एमएला प्रवेश घेऊन पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला, आवश्यक श्रेयांक पूर्ण केल्यास, पदव्युत्तर पदविका मिळते. राज्याच्या आराखड्यानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे एक वर्ष ४० ते ४४ श्रेयांकांचे असते. ‘चौथे वर्ष केले नाही तर मागे पडू’ ही भीती त्यामुळे निराधार आहे. ‘चौथे वर्ष केले की वर्ष वाचले’ हा समजही तितकाच चुकीचा.

अभियांत्रिकीचे गणित वेगळे आहे. बीई किंवा बीटेक चार वर्षांचे असले तरी त्यानंतरचे एमई, एमटेक दोनच वर्षांचे राहते.

चौथे वर्ष प्रत्येक महाविद्यालयात मिळते का?

नाही, आणि निवडीचा खरा पेच येथेच आहे. चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. एक ऑनर्स, ज्यात मुख्य विषयाचा सखोल अभ्यास होतो. दुसरा ‘ऑनर्स विथ रिसर्च’, ज्यात संशोधन प्रकल्प आणि प्रबंधिका असते. दुसऱ्या प्रकारासाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण अपेक्षित आहेत. शिवाय तो चालवणाऱ्या विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायमस्वरूपी अध्यापक हवेत.

ही अट पुणे, नाशिकमधील मोठ्या महाविद्यालयांना फारशी जड नाही. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे एखाद्या विषयाला एकच पूर्णवेळ प्राध्यापक आणि बाकी तासिका तत्त्वावरील शिक्षक असतात, तिथे ती पूर्ण होणे कठीण. त्यामुळे गावाजवळच्या महाविद्यालयातून बीए करणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षासाठी शहरात जावे लागू शकते. शहरातच जायचे असेल तर तीन वर्षांची पदवी घेऊन थेट दोन वर्षांच्या एमएला प्रवेश घेणे अधिक सोयीचे ठरते. नव्या ठिकाणी सलग दोन वर्षे मिळतात, वसतिगृह आणि शिष्यवृत्तीचे अर्जही एकाच अभ्यासक्रमासाठी करावे लागतात.

चौथे वर्ष घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट आधीच तपासावी. आपल्या विषयातील एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम किंवा थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश पुढे कोणत्या विभागात आणि कोणत्या महाविद्यालयात मिळणार आहे? आराखड्यात तरतूद असणे आणि प्रत्यक्ष जागा उपलब्ध असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विद्यापीठाचा विभाग आणि महाविद्यालय, यांत फरक काय?

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली आणि २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत त्याचा विस्तार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखांत अभ्यासक्रमांची विभागणी आहे. पदव्युत्तर शिक्षण मात्र तीन प्रकारच्या ठिकाणी मिळते : विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, स्वायत्त महाविद्यालये आणि इतर संलग्न महाविद्यालये.

विभागांत असे अनेक विषय मिळतात जे सहसा महाविद्यालयांत नसतात. मानववंशशास्त्र, पाली व बौद्ध अध्ययन, स्त्री अभ्यास, वैज्ञानिक संगणन, ललित कला केंद्रातील नाट्य-संगीत-नृत्य ही त्याची उदाहरणे. वृत्तपत्रविद्या आणि परकीय भाषांचे विभाग फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहेत. गणेशखिंडच्या आवारातच आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या राष्ट्रीय संस्था आहेत. त्या विद्यापीठाचा भाग नाहीत. पण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला व्याख्याने आणि प्रकल्पांच्या दृष्टीने या शेजाराचा उपयोग होतो. विभागांतील प्रवेश विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून होतात.

संलग्न महाविद्यालयांत मराठी, अर्थशास्त्र, वाणिज्य, रसायनशास्त्र, संगणकशास्त्र असे मागणी असलेले विषय प्रामुख्याने असतात. प्रवेश बहुधा पदवीच्या गुणांवर होतो आणि अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाच्या असतात. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवते आणि परीक्षाही स्वतः घेते. पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. फर्ग्युसन महाविद्यालय हे याचे परिचित उदाहरण. गोखले अर्थशास्त्र संस्था आणि डेक्कन कॉलेज या पुण्यातील नामांकित संस्था मात्र अभिमत विद्यापीठे आहेत. त्यांचे अर्ज, परीक्षा आणि पदवी स्वतंत्र असते. पुणे विद्यापीठाचा एकच अर्ज भरून तिथेही प्रवेश मिळेल, असे समजून अनेकांची मुदत हुकते.

पदवीचे नाव सगळीकडे एमए किंवा एमएस्सीच असते. त्यामुळे निवड करताना नावापलीकडे पाहावे लागते. विषयाला पूर्णवेळ अध्यापक किती, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय कसे, संशोधन केंद्राला मान्यता आहे का, हे प्रश्न प्रवेशापूर्वीच विचारायला हवेत. नव्या रचनेत पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प आणि शेवटच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प आहे. हे सगळे नीट करून घेणारा मार्गदर्शक नसेल, तर श्रेयांक कागदावर जमा होतात, हाती काही लागत नाही.

पदवीचा विषय बदलून पदव्युत्तर करता येते का?

येते, पण अटींवर. पदवीला असलेल्या मुख्य किंवा गौण विषयात पदव्युत्तर प्रवेश घेता येतो. यूजीसीच्या २०२४ च्या आराखड्यानुसार, वेगळ्या विषयातील राष्ट्रीय किंवा विद्यापीठ स्तरावरील प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास त्या विषयातही प्रवेश शक्य आहे. त्यामुळे पदवीच्या दुसऱ्या वर्षी निवडलेला गौण विषय आता केवळ गुणांची भर घालणारा राहिलेला नाही. इतिहास मुख्य आणि राज्यशास्त्र गौण घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी पुढे दोन दारे उघडी राहतात. प्रयोगशाळेशी निगडित विज्ञान विषयांत मात्र संबंधित विभाग पूर्वपात्रतेची काय अट घालतो, ते माहितीपत्रकात पाहणे गरजेचे.

राज्याबाहेर जायचे असल्यास केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी आणि आयआयटीतील एमएस्सीसाठी जॅम या परीक्षा आहेत. त्यांचे अर्ज पदवीचे शेवटचे वर्ष सुरू असतानाच भरावे लागतात. निकालाची वाट पाहणाऱ्यांचे वर्ष येथेच वाया जाते.

एमबीए, एमसीए, बीएड, एलएलबीचे काय?

हे अभ्यासक्रम पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत असले तरी प्रवेशाचे दार वेगळे आहे. एमबीए, एमसीए, तीन वर्षांचे एलएलबी, बीएड यांच्या सामायिक प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो आणि त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे ‘कॅप’ फेऱ्या होतात. एमई आणि एमटेकसाठी ‘गेट’चे, तर एमफार्मसाठी ‘जीपॅट’चे गुण महत्त्वाचे असतात. यांपैकी बीएड आणि एलएलबी या पदवीनंतर घ्यावयाच्या व्यावसायिक पदव्या आहेत, त्या पदव्युत्तर पदव्या नाहीत. बीएडनंतर एमएड, एलएलबीनंतर एलएलएम असा त्यांचा पुढचा क्रम आहे. एमबीए, एमसीए, बीएड आणि एलएलबीसाठी तीन वर्षांची पदवी पुरेशी असल्याने ज्याचे लक्ष्य यांपैकी एक आहे, त्याला चौथ्या वर्षाची गरज नाही.

वैद्यकीय आणि कृषी शाखांचे पदव्युत्तर शिक्षण पुणे विद्यापीठाच्या कक्षेत नाही. वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर या भागातील कृषी शिक्षण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे.

नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा सांभाळून शिकायचे असेल तर?

पुण्यात खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करणारे अनेक विद्यार्थी एमएला ‘नाव टाकून’ ठेवतात. एमपीएससी, यूपीएससीच्या बहुसंख्य पदांसाठी तीन वर्षांची पदवी पुरते. नियमित एमएला मात्र आता हजेरी, प्रकल्प, कार्यानुभव असे सगळे करावे लागते. केवळ नाव टाकण्यासाठी नियमित जागा अडवण्यापेक्षा दूरस्थ अभ्यासक्रम घेणे अधिक प्रामाणिक आणि सोयीचे आहे.

पुणे विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशाला, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि ‘इग्नू’ हे त्यातील प्रमुख पर्याय. यूजीसीची मान्यता असलेल्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या समकक्ष मानल्या जातात. संस्थेचे नाव ओळखीचे असणे पुरेसे नाही. त्या वर्षासाठी आणि त्याच विषयासाठी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता आहे का, ते यादीत पाहावे लागते.

एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घेण्यासही यूजीसीने परवानगी दिली आहे. एक नियमित आणि एक दूरस्थ, दोन्ही दूरस्थ, किंवा तासिकांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही नियमित, असे करता येते. पीएचडीला ही सवलत नाही.

ऑनर्सनंतर थेट पीएचडी करणे शहाणपणाचे आहे का?

यूजीसीच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असलेल्यांना पीएचडीसाठी पात्र ठरवण्यात आले आहे. पदव्युत्तर पदवीधरांसाठी ही अट ५५ टक्क्यांची आहे. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सवलत मिळते. याच नियमावलीने एमफिल बंद केले.

प्रवेश नेटच्या किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या ‘पेट’ परीक्षेच्या आधारे होतात. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन वर्ग आहेत : कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती व सहायक प्राध्यापक पात्रता, सहायक प्राध्यापक पात्रता व पीएचडी प्रवेश आणि फक्त पीएचडी प्रवेश. शेवटच्या दोन वर्गांत पीएचडी प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांश असून प्रवेशासाठी हे गुण एक वर्ष ग्राह्य धरले जातात. ज्याला नेटमधून अधिछात्रवृत्ती मिळते, त्याला जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये आणि त्यानंतर ४२ हजार रुपये मिळतात. पीएचडीचा किमान कालावधी तीन, तर कमाल सहा वर्षांचा आहे.

प्राध्यापक व्हायचे असणाऱ्याने मात्र थांबून विचार करावा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकपदासाठी ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही मूळ पात्रता आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची ‘सेट’ पुणे विद्यापीठच घेते आणि तिलाही पदव्युत्तर पदवी लागते. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात चार वर्षांची पदवी आणि पीएचडी असलेल्यांना संधी देण्याचा प्रस्ताव होता. पण मसुद्याच्या भरवशावर एमए टाळणे धोक्याचे. पीएचडीला पाच-सहा वर्षे लागतात. त्या काळात नियम बदलले तर पदव्युत्तर पदवी हाताशी असलेली बरी.

मार्गदर्शकांच्या जागा हीही मोठी अडचण आहे. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. परीक्षा उत्तीर्ण झाली तरी आपल्या विषयात जागा रिकामी नसेल तर प्रवेश मिळत नाही. त्यामुळे विषय आणि मार्गदर्शक यांचा शोध परीक्षेआधी सुरू करावा लागतो.

खर्चाचा अंदाज कसा बांधायचा?

एकाच पदवीचे शुल्क ठिकाणानुसार बदलते. अनेक महाविद्यालयांत पदवीचे वर्ग अनुदानित, पण पदव्युत्तर वर्ग विनाअनुदानित असतात. बीएस्सी नाममात्र शुल्कात झालेल्या त्याच महाविद्यालयात एमएस्सीचे शुल्क पाहून पालकांना धक्का बसतो तो यामुळे. प्रवेशाच्या वेळी ‘हा वर्ग अनुदानित आहे का?’ हा एक प्रश्न विचारला तरी पुढचा मनस्ताप टळतो. पुण्यात राहण्या-जेवण्याचा खर्च शुल्कापेक्षा अधिक होऊ शकतो, त्यामुळे वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच करावा.

राज्याच्या शिष्यवृत्ती योजनांचे अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरले जातात. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची आठ लाख रुपये आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत जाते. पीएचडीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत.

मग निवड कशी करावी?

सुरुवात अभ्यासक्रमाच्या नावापासून नव्हे, तर उद्दिष्टापासून करावी. स्पर्धा परीक्षा, बीएड, एलएलबी किंवा एमबीए हे लक्ष्य असेल तर तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. प्राध्यापकी करायची असेल तर पदव्युत्तर पदवी टाळू नये. ती तीन अधिक दोन अशी घेतली काय आणि चार अधिक एक अशी घेतली काय, मोल सारखेच. संशोधनाची ओढ असेल, गुण ७५ टक्क्यांच्या वर असतील आणि आपल्याच महाविद्यालयात चांगला मार्गदर्शक असेल, तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’चे वर्ष सार्थकी लागते. यातली एखादी अट पूर्ण होत नसेल, तर दोन वर्षांचे एमए किंवा एमएस्सी चांगल्या विभागातून करणे अधिक हिताचे.

कागदपत्रांची तयारी मात्र सर्वांनीच तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला करावी. ‘अपार’ क्रमांक आणि श्रेयांक बँकेचे खाते उघडून आतापर्यंतचे श्रेयांक त्यात जमा झाले आहेत का, ते तपासावे. सर्वसाधारणपणे हे श्रेयांक सात वर्षांपर्यंत वापरता येतात. जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा. चौथ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा की तीन वर्षांवर पदवी घ्यायची, हे सहाव्या सत्राच्या निकालाआधी ठरलेले असेल, तर विभागाची प्रवेश परीक्षा, सीईटी आणि वसतिगृह यांपैकी कशाचीच मुदत हुकणार नाही.